पौडच्या बाजारात सायगाव

त्याची-माझी पहिली भेट झाली ती कांद्यांमुळे. खरं सांगायचं तर त्याच्या फटफटीमुळे, पण दोष मी इतकी वर्षं कांद्यांनाच देत आले.

एकसष्ट सालचा हिवाळा. भाताची झोडणी उरकली होती, आणि दर आठवड्याला आमच्या गावाहून, माल्याहून, आमची बैलगाडी पौडच्या बाजाराला निघायची. पुढे आबा, म्हणजे माझे वडील कुशाबा. मागे पोत्यांवर मी आणि धोंडाआत्या. आई मी रांगत असतानाच गेली. आबांच्या या विधवा बहिणीनंच मला वाढवलं. बाजाराच्या कडेला वडाखाली आत्या भज्यांची चूल मांडायची. ती तळायची, मी कांदे चिरायची. आता त्या रस्त्यावर हॉटेलांची रांग लागली आहे, माणसं मोटारीत बसल्या बसल्या खातात. तेव्हा भज्यांचा वास आला की गाडीवानांच्या माना आपोआप वडाकडे वळायच्या.

त्या दिवशी आबा बैल सोडत होते, आणि मागून अशी काही फटफट उठली की डावा बैल बुजून उधळला. गाडी कलली, पाटी उलटली आणि माझे सगळे कांदे रस्ताभर पळत सुटले. धुळीतून एक खाकी कोट उतरला. भुवयांपर्यंत धूळ, आणि त्या धुळीत दोन डोळे... हसरे.

"बैल बुजला तुमचा," तो म्हणाला.

"बैल न्हाई बुजला, तुमी बुजवला. आता कांदं येचा."

त्यानं वेचले. बांगडीवालीच्या पथारीखाली गेलेलासुद्धा वाकून काढला. पाटी माझ्यापुढे ठेवली आणि चुलीसमोर उकिडवा बसून म्हणाला, "एवढी मेहनत केली, आता भजी तरी मिळंल का?"

"मेहनत तुमचीच, न् नुकसान बी तुमीच केल्यालं," मी म्हटलं. आत्यानं मला कोपरानं ढोसलं आणि त्याला पानभर भजी दिली.

नाव विचारलं तर म्हणाला, गेणबा. मला हसू आवरेना. अशी रुबाबदार फटफटी, असा कोट, आणि नाव गेणबा! तोही हसला. "पलटणीत बी समदे हसत्यात," म्हणाला. "पर तुमच्यासारखं न्हाई हसत." मी खाली मान घालून कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचंच, असं मी स्वतःला बजावलं.

गेणबा फौजेत होता. व्हिएतनाम म्हणून एक देश आहे, तिथल्या लढाईनंतर समेट नीट पाळला जातो की नाही हे बघायला आपल्या सरकारनं माणसं पाठवली होती. हा तिथं त्यांची डाक फटफटीवरून पोचवायचा. दोन वर्षं सायगाव नावाच्या शहरात काढून तो रजेवर आला होता, आणि आल्याबरोबर खडकीच्या लष्करी लिलावातून ही जुनी फटफटी घेतली होती. सायगाव म्हटल्यावर मला वाटलं साताऱ्याकडचं. तिकडे त्या नावाचं एक गाव आहे. आत्यालाही तसंच वाटलं. तिनं लगेच तिथल्या एका सोयरिकीची चौकशी केली.

मग तो दर बाजारी येऊ लागला. दिवस कलला, बाजार विरळ झाला, आत्यानं गॅसबत्ती पेटवली की लांबून फटफट ऐकू यायची. आत्या म्हणायची, "आलं तुझं सायगाव." मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायची, आणि पदर सारखा करायची.

"हितं दिवस मावळला की बाजार उठतो," तो सांगायचा, "तितं दिवस मावळला की बसतो. ड्यूटी संपली की मी गाडी काढायचो न् गल्ल्या धुंडाळत फिरायचो. नुसत्या वासावर. जितं वास चांगला, तितं गाडी उभी करायची."

"न् काय खायचं?"

"तांदळाच्या शेवया. उकळता रस्सा, वर कोथमीर, लिंबू. दोन काड्यांनी खायाच्या."

"काड्यांनी शेवया? खोटं."

"आईच्यान. पयल्या दिशी निम्म्या शेवया कोटावर."

"न् रश्श्यात काय असतं?"

"ते इचारायचं नसतं," तो गंभीर चेहरा करून म्हणाला, आणि आत्यासुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

एकदा त्यानं हळद घातलेल्या तांदळाच्या घावनांचं सांगितलं. आत कोळंबी भरून दुमडतात म्हणे, आणि कढईवर पीठ पडताना चर्र आवाज होतो तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो. एकदा केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताचं. एकदा गाळणीतून थेंब थेंब पडणाऱ्या कॉफीचं. ती पडेपर्यंत माणसं गप्प बसून वाट बघतात. मी माल्याच्या पलीकडे पौड-पुण्याशिवाय काही पाहिलेलं नव्हतं. पण त्या हिवाळ्यात रात्री घोंगडीत पडल्यावर मी सायगावच्या गल्ल्यांतून फटफटीवर फिरत असे. मागे बसून. मला तो आवडला होता, आणि ते मला पहिल्या कांद्यापासून ठाऊक होतं.

मग एका बाजारी त्यानं अचानक विचारलं, "तुमी कवा खाता?"

"म्हंजी?"

"दिसभर दुसऱ्यास्नी खायला घालता. तुमाला खाताना मी कदी बगितलं न्हाई."

असं मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. बाजारात बायकांनी खायचं ते गाडीमागे, चाकाकडे तोंड करून, चटकन. चारचौघांत, पुरुषमाणसांसमोर तोंड हलवायचं नाही. घरंदाज बाईची ती पहिली खूण. आत्या वीस वर्षं चाकाकडे तोंड करूनच भाकरी खात आली होती.

"गाडीमागं," मी म्हणाले.

त्यानं हातातलं भजं पानावर परत ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तितं नवराबायको एका फटफटीवर येत्यात. बसक्या स्टुलावर बसत्यात. एका वाडग्यात खात्यात, हसत्यात... कुणी वळून बगत न्हाई. मी रोज बगायचो. एकटाच बसायचो मी, गोजरा."

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. माझा विळीवरचा हात थांबला.

"पुढल्या बाजाराला मी शेवटचा येतोय. मंग बेळगावला हजर व्हायचंय. त्या दिशी मी हितं बत्तीखाली दोन डबं पालथं घालंन. एकावर मी बसंन. दुसऱ्यावर तू बसलीस... तर तुझ्या आबास्नी भेटतो. न्हाई बसलीस तर भजी खाऊन गप जातो. तुला तरास देणार न्हाई."

"आबा न्हाई म्हणतील," मी म्हणाले. "तुमची जमीन..."

"ठावं हाय," तो म्हणाला, आणि फटफटीला लाथ मारली.

त्याला जमीन नव्हती. त्याचं गाव मुळशीच्या धरणात गेलं होतं, तो जन्मायच्या आधीच. धरणाच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागत होते, आणि गेणबासारखी पोरं फौजेत जात होती. बिनजमिनीच्या घरात पोरगी द्यायची नाही, हे आमच्याकडे ठरलेलंच. त्यातून आठवडाभरात आणखी एक झालं. भुकूमच्या हैबतरावांच्या घरून निरोप आला. पुण्याजवळची चांगली शेती, एकुलता मुलगा. पौष लागायच्या आत ठरवून टाकू म्हणाले. मुलाची आई साळूबाई, त्या बाजारात येऊन मुलगी काम करताना बघून घेणार होत्या, न सांगता, गिऱ्हाईक होऊन. न सांगता येणार हे सगळ्यांना सांगितलेलंच असतं. आबांनी मला नवं लुगडं नेसायला लावलं.

त्या संध्याकाळी थंडी अशी होती की तेलाजवळून हलवेना. साळूबाई आल्या, मागे दोन बायका. माझे हात बघितले, चिरलेला कांदा बघितला, बोलणं बघितलं. घरी न्यायला पानभर भजी बांधायला घेतली. "भजी बरी दिसत्यात," म्हणाल्या. त्यांच्याकडून ते पुष्कळच होतं. आत्याचा चेहरा मात्र वाचता येत नव्हता.

आणि फटफट ऐकू आली.

गेणबानं रॉकेलचे दोन रिकामे डबे आणले होते. गॅसबत्तीखाली, सगळ्यांना दिसतील असे, त्यानं ते पालथे घातले. कोट झटकून एकावर बसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भज्यांचं पान मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडे बघत राहिला. खाईना.

एकीकडे पुण्याजवळची शेती. एकीकडे रॉकेलचा डबा. मी विळी आडवी केली, हात पुसले आणि चुलीला वळसा घालून निघाले. चारच पावलांचं अंतर, पण बाजारातली प्रत्येक मान माझ्याबरोबर वळत होती. जाऊन डब्यावर बसले. त्याच्या मांडीवरच्या पानातलं एक भजं उचललं आणि खाल्लं. चाकाकडे नव्हे, बाजाराकडे तोंड करून.

"गरम हाय," तो पुटपुटला. त्याचा आवाज ओला झाला होता.

"मीच चिरलाय कांदा," मी म्हणाले. "मला ठावं हाय." आणि दुसरं उचललं.

भजी बांधता बांधता साळूबाईंचा हात पानावरच थांबला. "ही तुमची पोरगी?" त्यांनी आत्याला विचारलं.

झाऱ्यानं भजी उलटत आत्या म्हणाली, "व्हय. भूक लागलीया तिला."

साळूबाई गेल्या. भुकूमचं स्थळही गेलं. भात विकून आबा वडापाशी येईपर्यंत तिघाचौघांनी त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. गेणबा उठून उभा राहिला, काही बोलणार तोच आबांनी हात वर केला आणि बैल जुंपले. "बसा गाडीत," एवढंच म्हणाले.

गाडी माल्याच्या रस्त्याला लागली. मिट्ट काळोख, धुकं, आणि आबांची ती गप्पगप्प पाठ. थोड्या वेळानं मागून फटफट आली. जवळ आली, आणि जवळच राहिली. पुढे जाईना. बैलाच्या चालीनं चालताना इंजिन गुदमरायचं, बंद पडायचं. तो लाथ मारायचा आणि पुन्हा गाठायचा. मी गाडीत मागे तोंड करून बसले होते. दिव्याचा झोत सगळा माझ्या अंगावर. मला तो दिसत नव्हता, त्याला मी पुरती दिसत होते. मी आयुष्यात इतकी लाजले नाही, आणि इतकी सुखीही कधी झाले नसेन.

"ह्याला पुढं जायला काय झालंय?" शेवटी आबा म्हणाले.

"वाट अंधारी हाय. उजेड दावतोय," आत्या म्हणाली.

"समदी हयात ह्या वाटंनं अंधारात गेलोय मी."

"मंग एक दिस उजेडात चल की, कुशा."

माल्याच्या अलीकडच्या चढावर आबांनी कासरा ओढला आणि खाली उतरले. मागे इंजिन थांबलं. मी गाडीचा दांडा घट्ट धरला.

"जमीन किती?" आबांनी विचारलं.

"अठरा एकर."

आत्यानं माझ्याकडे बघितलं.

"कुटं?"

"धरणात हाय, आबा. वरनं पाणी हाय. आमच्या बाला अजून बांध न् बांध याद हाय."

आबा दोन पावलं त्याच्याकडे गेले. मग म्हणाले, "माझ्या सासऱ्याची बी तितंच हाय. देवराईच्या वढ्यापाशी."

"वढ्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं."

"मंग आमच्या बांधाला बांध लागला की," गेणबा म्हणाला.

"म्हंजी शेजारीच." आबा हसले. अंधारात, पण हसले. माझ्या आईच्या माहेरचं नाव त्यांनी कित्येक वर्षांत काढलं नव्हतं. डोळे पुसून त्यांनी गाडीकडे बघितलं. "धोंडे, उतर. बस ह्याच्या मागं, न् घर दाव. चूल पेटवून चहा टाक. पावना पयल्यांदा येतोय."

आत्या देवाचं नाव घेत फटफटीवर एकांगी बसली, आणि गेणबाचा कोट दोन्ही मुठींनी धरला. ज्या फटफटीवर मी सगळं सायगाव फिरून आले होते, तिच्यावर खरीखुरी पहिल्यांदा बसली ती माझी आत्या! बाजूनं जाताना तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. उजेड चढावरून पुढे गेला, वळला, दिसेनासा झाला.

बैल पुन्हा चालू लागले. आबा पुढे, मी मागे, मधे रिकामी पोती.

"काय गं," आबा वळून न बघता म्हणाले, "पोट भरलं का मंग तुझं?"

"न्हाई, आबा. दोनच खाल्ली."

त्यांनी बैलांना हळूच हाक दिली. "मंग घरी जाऊन नीट जेव," म्हणाले. "त्याच्या संगंच बस."