न भरलेला शब्द

दोन हजार सात सालच्या चैत्रातली गोष्ट. हापशावर तासभर रांगेत उभी राहून शालूबाई कळशी घेऊन खोलीवर आली, पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीसारखी नवऱ्याच्या उशाशी बसली. दवाखान्यापायी औंढ्याच्या रस्त्याला भाड्यानं घेतलेली ही खोली. जवळच्या शेतात हळद शिजत होती, तिचा कढत वास खिडकीतून आत येत होता.

दगडोबा बैलगाडीवरून पडला त्याला आठ महिने झाले होते. डोळे तेवढे उघडे, बाकी अंगाचं लाकूड. गावी डोंगरकड्याला घरी न्या, असं डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलं होतं. तेवढ्यात हैदराबादेहून शेषराव नावाचा इंजिनियर मशीन घेऊन आला. मूळचा हिंगोलीचा, म्हणून शालूबाईला तो भाच्यासारखाच. डोक्यावर तारांची टोपी घालायची. मनात येतं ते कॉम्प्युटर ओळखतो, अर्धवट राहिलं ते स्वतःच्या अंदाजानं पुरं करतो आणि बोलतो, असं त्यानं समजावलं. शब्द चारच: हो, नाही, पाणी, दुखतंय. ते शेषरावनं स्वतःच्याच आवाजात भरले होते.

मशीनला शिकवायच्या दिवशी तो शालूबाईला म्हणाला, काकांना नावानं हाक मारा, शंभर वेळा. आता सांगा, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? बाईनं चक्क तोंडाला पदर लावला. शेवटी तीस वर्षं मारली तीच हाक तिनं शंभरदा मारली, "ऐकलं का?" शेषराव हसला. मशीनला काय त्याचं, म्हणाला. दगडोबाही त्यातलाच, "बालाजीची माय" यापलीकडं त्यानं बायकोला कधी हाक मारली नव्हती.

वीस दिवस शालूबाई रोज एकच विचारत होती, "ऐकलं का... घरी जायचं का?" आणि शेषरावच्या आवाजात उत्तर यायचं, "नाही." तिला वाईट वाटे. पण आठ महिन्यांनी नवरा बोलला हेच तिला लई होतं, आणि त्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. लेक बालाजी गाडी करून न्यायला आला, त्यालाही तिनं आल्या पावली परत पाठवलं.

त्या दुपारीही तिनं तेच विचारलं.

"नाही." मग जरा थांबून, "पाणी."

तिनं चमच्यानं पाणी पाजलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. "पाणी." पुन्हा पाजलं, पुन्हा ओघळलं. तिनं गालाला हात लावला. एवढ्या उन्हाळ्यात गाल थंडगार होता.

"पाणी," मशीन म्हणालं.

तिची हाक ऐकून शेषराव शेजारच्या खोलीतून धावत आला. त्यानं नाडी पाहिली, टोपी काढून खुंटीला अडकवली, तिची वायरही उपटली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची मनाची रेघ मात्र चालूच होती. त्यानं घाईघाईनं मागच्या दिवसांच्या रेघा उघडल्या, एकेक करून पाहिल्या.

"मावशी... काका रोज 'हो' म्हणून राहिले होते. बारीक हाय रेघ, पण हाय. मशीननं त्याचं 'नाही' केलं."

"काहून?"

"ते मला कळंना... तुमच्या हाकेवर शिकलंय ते. काकांच्या मनातलं सोडून आपलंच उत्तर तुमाला देऊन राहिलं."

शालूबाईच्या ध्यानात आलं. वीस दिवस माणूस घरी चला म्हणत होता, आणि आपण दारात आलेली गाडी परत लावून दिली. तिनं नवऱ्याचे उघडे डोळे मिटले आणि सवयीनंच म्हणाली, "ऐकलं का... चला आता, घरी जाऊ."

"नाही."

मग मशीन थांबलं. खुंटीवरची टोपी पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती.

"शालू," मशीन म्हणालं.

आवाज शेषरावचाच होता. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, ओठ घट्ट मिटून, आणि मान हलवून तिला सांगत होता, की हा शब्द त्यानं कधी भरलाच नव्हता.