डॉक्टरचा कान

विश्वास ठेवायचाच झाला तर कुणावर ठेवाल रे पोरांनो, माणसावर की यंत्रावर? लगेच सांगू नका. आधी ऐका, आणि तो मोठा दिवा घालवा, डोळ्यांवर येतोय.

माझ्या शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. बाजारात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. मशीन कुरकुरायला लागलं की हा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "या पंख्याचं बेअरिंग गेलंय." कधी चुकला नाही. हात सोन्याचे. नियत मात्र... असो.

मार्चअखेरचा शनिवार. बाजार उठला होता. शटर अर्धं ओढलेलं असताना शाळेतले एक मास्तर मशीन कवटाळून आले. त्यांच्या मुलाचं, गेम खेळायचं. मुलगा काही महिन्यांपूर्वी अपघातात गेलेला.

"चालू केलं की घरघरतं आणि मध्येच बंद पडतं," मास्तर म्हणाले. "आत त्याचे फोटो आहेत. त्याच्या आईला हवेत."

"ठेवून जा, मास्तर. सकाळी या."

डॉक्टरनं मशीन बघताक्षणी ओळखलं होतं. वर्षापूर्वी हाच मुलगा ते धूळ झाडायला देऊन गेला होता. सुट्टीत राबून कमावलेल्या पैशांतून त्यानं आत नवंकोरं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं, गेमची चित्रं पळवणारं, स्वतःचा छोटा पंखा असलेलं. डॉक्टरचं मन फिरलं. त्यानं ते काढून आपल्या दुकानातल्या मशीनला लावलं आणि त्या जागी तसंच दिसणारं, झिजून गेलेलं कार्ड बसवलं. आठवड्यात घरघर सुरू. मुलगा वडिलांना घेऊन आला.

"काका, हे माझं कार्ड नाही. एकदा ऐकून तरी घ्या."

"बघा मास्तर, पोरं रात्रभर मशीन तापवतात आणि खापर आमच्या डोक्यावर," डॉक्टर हसला होता. "जगाला शिकवता, घरच्याला खरं बोलायला शिकवा की."

गिऱ्हाइकंही हसली. मास्तरांनी चारचौघांत मुलाच्या थोबाडीत दिली. मुलगा पुन्हा एक शब्द बोलला नाही.

तेच मशीन आता टेबलावर होतं. फोटो काढून द्यावेत, विषय संपवावा, असा डॉक्टरचा बेत. त्यानं बटण दाबलं. घरघर. सवयीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली.

पंख्याची घरघर... आणि तिच्याखाली आणखी काहीतरी. श्वास. खूप रडून झाल्यावर अडकत अडकत येतो, तसा.

मशीन धाडकन बंद पडलं.

श्वास थांबला नाही.

डॉक्टरनं वायर उपसली. पंखा थांबला. कानात श्वास तसाच.

"काका..."

मूठ कानापासून सुटेना.

"ऐकून... घ्या..."

उभ्या बाजारातल्या यंत्रांचं ऐकणारा माणूस. एका पोराचं त्यानं ऐकून घेतलं नव्हतं. दुकानात चिटपाखरू नव्हतं, तरी त्याला मान वर करवेना. तोंड लपवावं तर कुणापासून?

त्यानं स्वतःचं मशीन उघडलं. कार्ड काढलं. ज्याचं होतं त्याच्या मशीनमध्ये बसवलं. बटण दाबलं.

मशीन मुकाट चालू झालं. फोटो उघडले.

सकाळी मास्तर आले तेव्हा मी तिथेच होतो.

"काय बिघडलं होतं हो?"

सबबी तोंडपाठ होत्या डॉक्टरच्या, वर्षानुवर्षं घोटलेल्या. एकही निघाली नाही.

"कार्ड बदललेलं होतं. मी बदललं होतं, मास्तर. तुमचा मुलगा खरं बोलत होता."

मास्तर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग मशीन उचललं आणि गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं डॉक्टर मला नंतर म्हणाला.

ते गेल्यावर आम्ही टेबलाकडे वळलो. काढून ठेवलेलं झिजलेलं कार्ड तिथे पडलं होतं. कशालाच जोडलेलं नाही. वीज नाही, वारा नाही.

त्याचा पंखा फिरत होता. सावकाश... आवाज न करता.

डॉक्टरनं स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही.

उद्या तुम्हीही गल्ल्यावर बसाल, पोरांनो. एवढं करा, कुणाचा माल हातात घेतला आणि कुणाला काय परत दिलं, याचा हिशेब खरा ठेवा.