पायरीवरचा चौथा क्यूब

हे घडलेलं आहे. पटलं नाही तरी चालेल, पण मनचं काहीच घातलेलं नाही. बाळ झोपलंय तेवढ्यात लिहून टाकते.

थंडीचे दिवस. दुपारचा सव्वा वाजलेला. काँक्रीटच्या लॅबमध्ये मी एकटी. बाकीचे जेवायला गेलेले.

माझं काम सरळ आहे. साइटवर स्लॅब ओतला की त्याच काँक्रीटचे तीन क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, साच्यात भरायचे, पाण्याच्या टाकीत ठेवायचे, सातव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे. ताकद भरली की मी फोन करते, आणि स्लॅबखालचे टेकू निघतात.

टेकू काढणारा मुकादम म्हणजे माझा नवरा.

या वेळी सिमेंटमध्ये निम्मी स्लॅग होती. लोखंडाच्या भट्टीतली मळी, पिठासारखी दळलेली. माझ्याआधीचे लॅबवाले काका म्हणायचे, "सिमेंट उतावळं, स्लॅग आळशी. थंडीत तर पांघरुणातून बाहेर येत नाही. पण एकदा उठली की सगळ्यांच्या पुढे."

काकांना जाऊन दोन वर्षं झाली.

तिन्ही क्यूब फोडले. आतून हिरवट निळे, स्लॅगचे असतात तसे. ताकद छान. मी फोन उचलला…

ठक… ठक.

दाराबाहेरून. बोटाच्या पेराने दगडावर वाजवावं तसं.

काका क्यूब असाच वाजवून बघायचे.

दार उघडलं. कोणी नाही. आवारात कुत्रंसुद्धा नाही.

पायरीवर मात्र ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक क्यूब… चौथा. त्यावर रंगाने आमच्याच स्लॅबची तारीख. हाताला बर्फासारखा गार.



टाकीतलं पाणी आम्ही थंडीत कोमट ठेवतो. माझे तिघे सात दिवस उबेत झोपले होते, आणि स्लॅब उघड्यावर कुडकुडत होता. म्हणून एक क्यूब स्लॅबशेजारीच ठेवायचा, हे काकांनीच शिकवलेलं. बाळाच्या जागरणांत मी विसरले होते.

तो क्यूब मशीनमध्ये ठेवला. निम्म्या दाबालाच भुगा.

नवऱ्याला फोन लावला. वाजतोय… वाजतोय…

"अगं, होतीस कुठे? दोन टेकू काढलेसुद्धा."

"मी सांगायच्या आधी?"

"तुझे क्यूब कधी नापास झालेत का?"

"सगळ्यांना घेऊन बाहेर ये. आत्ता."

"जेवली नाहीस वाटतं."

"ऐक माझं. बाळाला बाप हवाय."

"चला रे, सगळे बाहेर!" तो ओरडला. मग पळणारी पावलं…

मग काहीतरी खूप मोठं खाली आल्याचा आवाज.

मग त्याचा श्वास. "सगळे बाहेर आहोत."

तो क्यूब कोणी भरला, हे विचारून दमले. कोणीच नाही. आणि त्या काँक्रीटचा क्यूब ओततानाच भरता येतो. म्हणजे सात दिवसांपूर्वी तिथे कोणीतरी उभं होतं…

आता स्लॅबपाशी क्यूब मी स्वतः ठेवते. काल नव्या स्लॅबचा सातवा दिवस होता. तोही क्यूब ताकदीला उत्तम उतरला. फोन उचलला…

ठक… ठक.

पायरीवर क्यूब नव्हता. फक्त एक ओला चौकोन.

मी एक दिवस थांबायला लावलं. नवरा हसला. "क्यूब पास, बायको नापास."

आज माझी सुट्टी आहे. तो टेकू काढायला गेलाय. जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करतो… आज केला नाही.

फोन मांडीवर आहे. लावायचा धीर होत नाही.

त्याने उचलला नाही तर…