मागे कोणी राहिलंय का

नदीकाठच्या त्या जुन्या गावात बघण्यासारखं जे काही होतं, ते सगळं फुकट होतं. दगडी पूल फुकट, पुलाच्या तोंडाशी असलेलं जकातीचं ओस नाकं फुकट, घड्याळाचा मनोराही फुकट. मनोऱ्यातलं घड्याळ बंदच होतं, त्यामुळे ते दाखवायचे पैसे मागायला कुणाची जीभ रेटली नसती. आणि रोज संध्याकाळी पुलापासून नदीच्या पायऱ्यांपर्यंत निघणारी गावफेरी, तीही फुकट. फुकट म्हटलं की माणसं लांबून येतात, पाय दुखले तरी कुरकुरत नाहीत आणि निघताना आभार मानायला हमखास विसरतात.

फेरी नेणाऱ्या बाईला सगळं गाव गाइडबाई म्हणे. नगरपालिका तिला जेमतेम पगार देई. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा चार माणसांत चाललेलं बरं, म्हणून ती हे काम करत होती. तिचा नवरा नावाडी होता. मागच्या पुरात पलीकडच्या काठावर अडकलेल्या लोकांना आणायला म्हणून तो निघाला. नाव सापडली, खूप खाली, पालथी पडलेली. तो सापडला नाही.

घरी आता ती आणि तिची सासू, दोघीच. रात्री दाराला कडी लावायची नाही, हा म्हातारीचा हट्ट होता. तो येईल तेव्हा दार वाजवत बसेल का, असं ती म्हणे. सून घरात पाऊल टाकायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला असे, काही कळलं का. सून मान हलवी आणि दोघी मुकाट्याने जेवायला बसत. गाइडबाईला आता फार काही नको होतं. तो जसा असेल तसा, ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत, एकदा घरी यावा. म्हातारीने एकदा निवांत झोपावं आणि आपण मन भरून रडावं, बस.

हे काम तिला छत्रीवाल्या काकांनी शिकवलं. काका तिच्या आधीचे गाइड. लोकांना लांबून दिसावं म्हणून ते बारा महिने काळी छत्री उंच धरून चालत, म्हणून हे नाव. गाइडने लोकांकडे पाठ फिरवायची नाही, तोंड त्यांच्याकडे ठेवून उलटं चालायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. प्रत्येक वळणावर छत्री हलवून विचारायचं, "मागे कोणी राहिलंय का? या, थांबलोय आपण." फक्त नदीच्या शेवटच्या पायरीवर हे विचारायचं नाही. तिथे नुसतं नमस्कार म्हणून लोकांना वाटेला लावायचं.

"तिथे का नाही?" तिने हसत विचारलं होतं.

"तिथे हो म्हणणारे फार आहेत," काका म्हणाले. ते थट्टा करतायत असं तिला वाटलं. पुढे थंडीत काका गेले आणि छत्री तिच्याकडे राहिली.

ती संध्याकाळ अगदी साधी होती. पाहुण्यांत एक नवरा-बायको, एक जाडजूड गृहस्थ आणि दोन-चार कॉलेजची पोरं. गाइडबाईचं डोकं दुखत होतं. आदल्या रात्री म्हातारी झोपेत मुलाला हाका मारत होती, त्यामुळे सुनेचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटच्या पायरीवर नदीकडे पाठ करून ती उभी राहिली आणि जिभेला वळण होतं तसं बोलून गेली, "मागे कोणी राहिलंय का? या, थांबलोय आपण."

बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. पाण्याचा आवाज थांबल्यासारखा झाला. कुजलेल्या दोरखंडाचा आणि गाळाचा वास आला, मग तोही विरला. पाहुणे जांभया देत वर निघून गेले. एक जण मात्र गेला नाही. सगळ्यांच्या मागे, वरच्या भिंतीला टेकून तो उभा होता. कित्येक दिवसांत पाऊस नव्हता, तरी त्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. उजेड त्याच्या पाठीशी होता, चेहरा दिसत नव्हता. खांदे रुंद होते. तिच्या नवऱ्याचेही होते.

दुसऱ्या कडेने ती पायऱ्या चढली, त्याच्या पुढे गेली आणि वळून त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. पाठ फिरवली तर तो नाहीसा होईल, एवढंच तिच्या मनात होतं. ती उलटी चालायला लागली आणि तो तिच्यामागोमाग निघाला. ती गप्प झाली की तो थांबे. म्हणून मग ती बोलत राहिली. हा मनोरा, हे नाकं, इथे पूर्वी धान्याच्या नावा लागत... रोजचं पाठ केलेलं सगळं ती त्या एका माणसाला सांगत, रडत, घरापर्यंत आली.

"आई... जरा दिवा घेऊन या," ती हळूच म्हणाली.

म्हातारी दिवा घेऊन दारात आली. सुनेच्या खांद्यावरून ती बराच वेळ गल्लीत बघत राहिली.

"हा आपला नाही गं."

"नीट बघा ना..."

"माझ्या पोटचा मला कळणार नाही? कुणाच्या तरी घरचा आहे बिचारा."

"मग याला... कुठे नेऊ मी?"

म्हातारीने दिवा खाली केला. ती आत गेली. कडी नेहमीसारखी उघडीच राहिली. तो आत आला नाही. सकाळी समोरच्या भिंतीपाशी माणूसभर ओल होती, आणि अंधार पडू लागला तसा तो पुन्हा तिथेच दिसायला लागला.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण एक आला म्हणजे दुसराही येईल, आणि कधीतरी आपला येईल, हे एकदा डोक्यात बसल्यावर कोण थांबतं? दुसऱ्या संध्याकाळी तिने शेवटच्या पायरीवर जाणूनबुजून विचारलं. तिसऱ्याही. दर वेळी कुणीतरी आलं. एक बाई आली, तिचे केस पायांपर्यंत चिकटलेले होते. एक म्हातारा आला, त्याच्या एकाच पायात बूट होता. फेरीतल्या पाहुण्यांना त्यातलं काही दिसत नसे. फार तर एखादी बाई नाकाला रुमाल लावी. गाइडबाई त्या प्रत्येकाला बोलत बोलत घरापर्यंत आणी, सासू दिवा वर करी आणि मान हलवी. नको असलेले परत जात नव्हते. गल्ली भरत चालली. ओल फार वाढली म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली, नगरपालिकेच्या माणसांनी येऊन सगळे नळ तपासले. नळ ठणठणीत होते.

मान हलवून हलवून म्हातारी खंगली. एका सकाळी ती अंथरुणातूनच म्हणाली, आज मी येते फेरीला. सुनेने तिला परोपरीने समजावलं, एवढं चालणं झेपायचं नाही, पायऱ्या निसरड्या आहेत. म्हातारी हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"फुकटच आहे ना? मग येऊ दे की मला."

ती आली. सगळ्या पाहुण्यांच्या पुढे, काठी टेकत, सुनेच्या तोंडाकडे बघत. सून सांगत होती ते ती असं ऐकत होती, जणू हा मनोरा आणि हे नाकं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटच्या पायरीपाशी लोकांनी तिला बसायला जागा दिली. गाइडबाईने नदीकडे पाठ केली, छत्री उचलली आणि विचारलं.

"मागे कोणी राहिलंय का? या... थांबलोय आपण."

वरच्या भिंतीपाशी आज कुणी आलं नाही. गाइडबाईने सगळ्या पायऱ्यांवरून नजर फिरवली. कुणीच नाही. मग तिचं लक्ष सासूकडे गेलं. म्हातारी तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या खांद्यावरून पलीकडे, पाण्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"अगं, तो मागे राहिलाच नव्हता," म्हातारी म्हणाली. "तो पुढे होता..."

इतक्या महिन्यांत गाइडबाईने लोकांकडे कधी पाठ फिरवली नव्हती. त्या वेळी तिने फिरवली. समोर नदी होती, सपाट आणि राखाडी. पाण्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता. ती पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली, दोन्ही काठ डोळ्यांनी चाचपून काढले, त्याला हाक मारली. कुणी ओ दिली नाही. ती वळली तेव्हा सासूची जागा रिकामी होती.

"आजी कुठे गेल्या?" तिने पाहुण्यांना विचारलं.

"त्या काय, त्या माणसाबरोबर वर गेल्या," पाहुण्यांतली एक मुलगी म्हणाली. "पार ओलाचिंब होता हो तो. पण किती जपून हाताला धरून नेत होता त्यांना. तुमचेच कुणी होते ना?"

आजवर पाहुण्यांना कुणी दिसलं नव्हतं, हा दिसला होता. गाइडबाई धावत सुटली. छत्री हातात तशीच उघडी, भिजलेले कपडे पायांत अडकत होते. आला, आपला माणूस घरी आला, एवढं एकच तिच्या मनात होतं, आणि त्या आनंदाने तिला रडू येत होतं. गल्लीत ते सगळे नेहमीसारखे भिंतीला लागून उभे होते. त्यांच्याकडे न बघता ती दारापाशी पोचली आणि तिने दार ढकललं.

दाराला आतून कडी होती.

फटीतून उजेड दिसत होता. आत ताटं मांडल्याचा आवाज आला. म्हातारी हसली आणि तिच्यापाठोपाठ तो हसला. त्याचं हसणं तिने हजारांत ओळखलं असतं. तिने दार वाजवलं, आधी हळू, मग दोन्ही हातांनी.

"आई... मी आहे. अहो... कडी काढा ना."

आतलं हसणं थांबलं. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मग पलीकडून, अगदी जवळून, सासूचा आवाज आला. ती तिला काही विचारत नव्हती, त्याला विचारत होती.

"मागे कोणी राहिलंय का रे?"

"नाही," तो म्हणाला. "सगळे आले."

फटीतला उजेड गेला. गाइडबाई दाराला कान लावून खूप वेळ उभी राहिली, पण आत पुन्हा काही वाजलं नाही. शेवटी ती मागे वळली. भिंतीला लागून उभे असलेले ते सगळे जरासे सरकले आणि त्यांनी आपल्यात एका माणसापुरती जागा केली.