पंचफुलाबाईच्या वाट्याचं मलम

दिवा जरा मोठा करा वं पोरीहो, आन् जवळ सरका. भ्यायची गोष्ट हाय, पन मी सांगून राह्यली म्हनून हासू बी येईन. मंदी कोनी बोलाचं नाही. बोललं का मी उठून झोपाले गेली म्हनून समजा.

जर्मनची दुसरी लढाई लागाच्या आधीचे दिवस. सुनेले मळ्यातल्या गवती खोपडीत बसवून, अनसिंगहून मेथी-सांबाराच्या, म्हंजे कोथमिरीच्या, जुड्या घेऊन मी वाशीमच्या बाजारात गेली होती. माल लवकर उठला. तशी मी अमिरुन्निसाच्या दुकानात जाऊन टेकली. ती बांगड्या, सुरमा, अत्तर विके. माही जुनी मैतरीन.

"काहून वं गोजरा, तोंड काहून उतरलं?" तिनं इचारलं.

म्हनलं, "आमच्या बुढ्याची पट्टी सुटनार हाय, आठव्या रोजी."

"या अल्ला! मंग पेढे वाट ना! रडून कायले राह्यली?"

बुढा म्हंजे माहा नवरा, चंपतराव. मोतीबिंदूपाई नऊ वर्स त्याले काही दिसत नोतं. आदल्या दिवशीच अकोल्याच्या डाक्तरानं वाशीमच्या दवाखान्यात त्याचं आपरेशन केलं, आन् पट्टी बांधून बैलबंडीत घालून मळ्यात धाडलं. उताना निजायचं, खोकलायचं नाही, हासायचं नाही, रडायचं तं नावच नाही. मले तं आनंदानं नाचावं वाटे. पन आरशात पाह्यलं, आन् आरसा पालथा ठेवला. नऊ वर्साचं ऊन, चुलीचा धूर, चार बाळतपनं… तोंडाची पार रया गेलेली. त्यात मी दुसरेपनाची. पहिली पंचफुलाबाई इसाव्या वर्साले तापानं गेली, ती त्याच्या डोक्यात इसाचीच राह्यली. पट्टी सुटल्यावर मले पाहून बुढ्याचं तोंड पडलं तं? त्या एका घडीचंच मले भेव होतं, दुसरं कायचंच नाही.

अमिरुन्निसानं आयकून घेतलं. मंग फळीवरच्या कपड्यामागून एक निळ्या काचेची डबी काढली.

"हे बेगमाइचं मलम. मुंबईहून आलं, एकच उरलं. रोज दुपारी तोंड धुऊन लाव. सुरकुती राह्यली तं माह्या दुकानात थुक."

किंमत आयकून माह्ये कान लाल झाले. वर्सभराचा सांबार त्या एवढ्याशा डबीत गेला म्हना. पन घेतली. हौसेले मोल नसते, आन् मी कधी कोनाच्या बापाले भेली नाही.

आता आमची रीत तुमाले ठावं हाय. दुसरेपनाच्या बाईनं गळ्यात सवतीची पुतळी घालाची. चांदीचा पत्रा, त्यावर सोनारानं तिचं तोंड उठवलेलं. नवं लुगडं आलं का आधी पुतळीले लावाचं, मंग आपन नेसाचं. हळदीकुंकू आधी तिले. पुरनाचा पहिला घास तिले. तीस वर्स मी कधी चुकली नाही. पन त्या दिवशी डबी उघडली, गुलाबाचा वास घमघमला, आन् माह्या मनात पाप आलं. म्हनलं, ही तं इसाची मेली, गाल कसे गुळगुळीत. हिले कायले पाह्यजे मलम? मी पुतळी पाठीकडं सारली आन् आपल्याच तोंडाले फासलं.

दुसऱ्या दुपारी डबी उघडली, तं माह्या बोटाच्या खड्ड्याजवळ आनखी एक खड्डा. बारीक बोटाचा. सून तं आदल्या सांजेलेच गावातल्या घरी गेली होती. मळ्यातल्या खोपडीत मी आन् खाटेवर उताना पडलेला बुढा, दोघंच.

तिसऱ्या दुपारी ऊन असं टळटळीत होतं का पाखरू बोलत नोतं. मोट बंद. बैल बी कान हालवत नोते. मी आरसा घेऊन बसली, आन् मांगून कोनी तरी हळूच हासलं. बांगडी वाजली.

"गोजरे…" खाटेवरून बुढा म्हने, "कोन आलं वं?"

"कोनी नाही. तुमी हलू नका."

"हासलं ना कोनी… वळखीचं हासू हाय…"

मी बोटावर मलम घेतलं, पन ते गालापावतर न्याले हातच उचलेना. तवा माह्या कानामागं, जिथं माहा हात गेलाच नोता, तिथं दोन थंडगार बोटं फिराले लागली. गोल गोल. वल्ली. गुलाबाचा वास, आन् त्याच्या खाली चितेच्या राखेचा.

पळाली असती, पन बुढ्याले सोडून कुठं पळू? आन् तो उठला असता तं डोळे गेले असते. मी डोळे मिटले आन् जीव मुठीत धरून म्हनलं, "बाई… चुकली मी. तुमचा वाटा खाल्ला. घ्या… पन ह्याले हात लावू नका…"

बोटं थांबली. मी पुतळी पुढं घेतली आन् डबीतलं मलम तिच्या चांदीच्या गालाले लावलं. थोडंथोडकं नाही, चांगलं थापलं. खोपडीत कोनी तरी एक लांब सुस्कारा टाकला. पोटभर जेवल्यावर टाकतात ना, तसाच.

मंग काय सांगू बाप्पा! पुढच्या चारी दुपारी आमी दोघी मलम लावत बसलो. आधी तिले, मंग मले. भेव गेलं नाही, पन गोडी लागली. मी तिले बुढ्याच्या खोड्या सांगो, ती बांगड्या वाजवे. एकदा मी जोरात हासली तं बुढा कावला, "मले हासू नको म्हनता, आन् तुमी दोघी काहून खिदळून राह्यल्या?" दोघी म्हने मेला! त्याले वाटलं सून बसली हाय.

आठव्या रोजी वाशीमहून मदनसिंग कंपाउंडर सायकलीवर आला. नवा मानूस, नुकताच बदली होऊन आलेला. मी सकाळीच आरसा पाह्यला होता. एक बी सुरकुती हालली नोती. अमिरुन्निसाच्या नावानं बोटं मोडत मी पदरानं अर्धं तोंड झाकून उभी राह्यली.

पट्टी सुटली. बुढ्यानं डोळे मिचकावले. मले पाह्यलं. पदर वढला. आन् असा हासला, असा हासला, का मदनसिंग भेला.

"गोजरे! तू तं लय बुढी झाली वं! माह्यासारखीच! मले वाटलं मी एकटाच म्हातारा झालो…"

मी तिथंच रडाले लागली. एवढा आनंद मले माह्या लग्नात बी झाला नोता.

मंग बुढा माह्या खांद्यावरून मांगं पाहाले लागला.

"आन्… ती बी बुढी झाली…" तो हळूच म्हने. "पंचफुला… केस पार पांढरे झाले वं तुह्ये…"

मी मांगं पाह्यलं. भिंतीले टेकलेलं सूप, दुसरं काही नाही. मी गळ्यातली पुतळी हातात घेतली. चांदीच्या त्या गुळगुळीत गालावर बारीक बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. डोळ्याच्या कोनाले, व्हटाच्या बाजूले. तवा मले समजलं. जवानी तं तिच्याजवळ होतीच, तीस वर्स नुसती पडून. तिले आमच्यासंगं म्हातारं व्हायचं होतं.

मदनसिंगानं चहा घेतला, पिशवी बांधली. जाताना माह्या पाया पडला. मंग सूप होतं तिकडं वळून आनखी एकदा वाकला.

"मावशी," उंबऱ्यातून तो मले म्हने, "ह्या मोठ्या मावशीच्या बी डोळ्यात मोतीबिंदू पिकला हाय. डाक्तरसाहेब पुढच्या मंगळवारी येऊन राह्यले. ह्यायले घेऊन या, ह्यायचं बी आपरेशन होऊन जाईन."

मी पुतळी पदरात गच्च धरली आन् म्हनलं, "बरं… इचारून सांगीन."