तार तुटलेली, तरी फोन आला

आधीच सांगते. ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं बोलत असन तर माजी जीभ झडू दे! बाकीच्या गोष्टींना मी मीठ-मिरची लावती, सगळ्या गावाला म्हाईत हाय. हितं न्हाई.

साल शहाण्णव. पौष महिना. वडवणीपासून दोन कोसावर आमचं गाव. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. भुताला रातच लागती असं कुनी सांगितलं तुमाला?

तवा गावात फोन एकच. कल्याणरावाच्या किराणा दुकानात. त्या फोननं त्या मानसाची मान अशी ताठ झालती, जसं काय फोन ह्येच्या आज्यानंच शोधून काढला! डायलला टिचभर कुलूप. वरून क्रोशाचा रुमाल. रोज सकाळी उदबत्ती. बायकोशी कधी नीट बोलला न्हाई, अन् फोनला हळदीकुंकू!

छपरावर भोंगा बांधलेला. बाहेरगावाहून फोन आला की हा म्हणायचा, "ठिवा, दहा मिनटांनी परत लावा." मग माईक घेऊन साऱ्या गावाला ऐकवायचा, "ए शहादेव! सासऱ्याचा फोन हाय. तोंड धुवून ये!"

दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. मागं म्हातारी मानसं. त्यांचा सगळा जीव त्या भोंग्यात. आपलं नाव कवा निघतंय, कान लावून बसायची.

अन् हा शहाणा, ज्याच्याशी वाकडं त्याचं नावच घ्यायचा न्हाई. "मानूस घरी न्हाई," म्हणून फोन ठिवून द्यायचा.

आमच्या गल्लीत रुक्मिणीबाई ऱ्हायची. नवरा वारलेला. एकच लेक, मनिषा. ती नवऱ्यासंगं सांगलीकडं तोडीला गेलती. पोटुशी. नववा लागलेला. जाताना सांगून गेलती, "आये, दुखायला लागलं की फोन करते. तू लगेच निघ."

रुक्मिणीबाईनं पिशवी भरूनच ठिवली व्हती. बाळाची दुपटी, बाळंतकाढा, समदं.

बाजाराच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी साखर आणायला दुकानात गेलते.

फोन वाजला... पन भोंगा गपच.

त्याच सांजी कापसाच्या ट्रॅक्टरनं फोनची तार तोडली. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. कुनी दुरुस्तीला येईना. निम्मी तार तर धुणं वाळत घालायला कुनीतरी घरी नेली.

तिसरा दिवस उजाडला.

दुपारी लाईट गेलती. कल्याणराव माज्या म्होरं बसून शेंगा जोखत व्हता. तोंडात पान कोंबलेलं.

अन् भोंगा खरखरला...

लाईट न्हाई. माईक खुंटीला.

खर्रर्र... खर्रर्र...

मग बाईचा आवाज. बारीक. लई लांबून आल्यावानी.

"रुक्मिणीबाई... फोन आलाय..."

त्या भोंग्यात बाईमानूस कधी बोललंच नव्हतं.

कल्याणरावाच्या हातनं तागडी सांडली. "छबुबाई, तुमी बोललाव का?"

"मेल्या, मी तर तुज्या म्होरं उबी हाय!"

बाहेर बघितलं. रस्त्यावर कुत्रं न्हाई. चिमण्या गप. झाडाचं पान हालंना.

रुक्मिणीबाई पळत आली. हाताला पीठ तसंच. "मनिषाचा हाय का?"

"कशाचा फोन? तार तुटलीया की!" कल्याणराव म्हणला.

तवाच फोन वाजला.

एकदा...

दोनदा...

गावाचा साहेब गुळाच्या पोत्यामागं जाऊन बसला! असला ह्यो मर्द!

रुक्मिणीबाईनं फोन उचलला. "हां बाई... हां... रडू नको. निघते."

फोन माज्या हातात दिला, अन् पिशवी घ्यायला घराकडं पळाली.

मी कानाला लावला.

आदी काईच न्हाई. नुसता गारठा. हिरीत डोकावल्यावर लागतो तसा.

मग मनिषा बोलली. माज्याशी न्हाई. बाजाराच्या दिवशीचंच बोलनं व्हतं ते. जसंच्या तसं.

"भोंग्यात एक हाक मारा की. लई दुखायलंय. आय हाय का?"

अन् त्यावर कल्याणरावाचा आवाज. "न्हाई घरी. उद्या लाव."

खट्ट.

मी फोन आपटला. "नीच मानसा! पोरीचा फोन आलता, अन् तू भोंगा केला न्हाईस?"

"आईच्यान छबुबाई, मला म्हाईत बी न्हाई! मी त्या वक्ताला आत जेवायला गेलतो!"

"गप बस, खोटारड्या!" सारी गल्ली गोळा होईल असं मी वरडले. गल्ली गोळा झाली बी.

रुक्मिणीबाई दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीकडं पोचली. जावई सोमेश्वर पाचटाच्या खोपीबाहेर बसलेला. मनिषा बाळंतपनात वारली व्हती. फोन केला त्याच राती. तवापासून सोमेश्वर हिकडं फोन लावत व्हता, लागत नव्हता.

आत गोधडीत चार दिसाची पोरगी. तोडीवरल्या बायका पाळीपाळीनं पाजत व्हत्या. मुकादमानं ती कुन्या परक्याला द्यायचं ठरवलं व्हतं. सांजच्याला घ्यायला येनार व्हते.

"मामी, तुमाला कळलं कसं?" सोमेश्वर रडत म्हणला.

"मनिषानंच सांगितलं. काल फोनवर. म्हणली, पोरगी झालीया. लोक न्यायच्या आत ये."

सोमेश्वरनं पोरगी उचलून तिच्या पदरात घातली.

पोरगी रुक्मिणीबाईनं वाढवली. तिचं लगीन बी झालं.

कल्याणरावानं भोंगा उतरवला, फोन काढून टाकला. गावानं त्याच्या दुकानात जायचं सोडलं. त्यो मरेपर्यंत शपथा घेत ऱ्हायला. कुनी इस्वास ठिवला न्हाई. मी तर त्याच्या दारावरनं जाताना थुकायची.

भोंग्यात कोन बोललं? तार नसताना फोन कसा वाजला? मला इचारू नका. आता माज्याकडं मोबाईल हाय. पन दुपारी तीनला वाजला तर मी उचलत न्हाई. उशीखाली घालते, अन् बंद होईपत्तूर अंगनात जाऊन बसते.

तर समदं खरं हाय. एकच गोष्ट मी मनानं घातली.

कल्याणराव बाजाराच्या त्या दुपारी खरंच आत जेवत व्हता. दुकानात मी एकलीच. माईक कसा चालू करायचा मला म्हाईत नव्हतं, अन् उनात रुक्मिणीबाईच्या दारापत्तूर जायचा मला कटाळा आला.

"न्हाई घरी. उद्या लाव."

त्यो आवाज माजा व्हता.