सुन्निवाचा डॉसवाला

फेरीबोटीच्या कठड्याशी सुन्निवा पावसाचे तिरपे फटकारे खात उभी होती. कुशीत लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलं होतं.

"बाळाला आत ने की," मागून कुणीतरी म्हणालं. "गारठेल ते!"

ती वळली. एक उंच तरुण नखशिखांत भिजून उभा होता, आणि तरी हसत होता.

"बाळ नाही, प्रेत आहे," असं म्हणून तिनं शालीचं टोक बाजूला केलं. आत पिवळट पडलेला, जुन्या संगणकाचा डबा होता.

त्याचे डोळे असे काही चमकले! तिच्याकडे बघून आजवर कुणाचे असे चमकले नव्हते. तिला त्या डब्याचा चक्क हेवा वाटला.

"विंडोजच्या आधीचा, डॉसवर चालणारा...?" त्यानं हळूच विचारलं.

"डॉस. तीस वर्षं आमच्या विणकामाच्या मागाला हाच नक्षी सांगत होता. परवा गेला. बर्गनच्या दुकानदारानं हातसुद्धा लावला नाही, सरळ भंगाराचा रस्ता दाखवला."

"त्याला काय कळतंय! मी एस्किल. जुने प्रोग्राम जिवंत ठेवणं, हाच माझा उद्योग."

"अशी फुशारकी मारणारे खूप बघितलेत."

"मग अजून एक बघ!"

तिनं नाक मुरडलं, पण मनातलं सगळं सांगून टाकलं. सतरा मेला, नॉर्वेच्या राष्ट्रदिनी, गावातल्या बायका बुनाद हा पारंपरिक पोशाख घालून मिरवणुकीत निघतात, आणि त्यांच्या एप्रनचा काठ फक्त तिच्याच मागावर निघतो. सगळ्या नक्षी त्या डब्यात अडकलेल्या. शनिवारपर्यंत काठ विणून दाखवला नाही, तर मालक माग संग्रहालयाला देऊन टाकणार होते.

"मग माग काचेपलीकडे जाईल," ती म्हणाली, "आणि मी ओस्लोला, कुठल्यातरी दुकानात पडदे विकायला."

एस्किलला पुढच्या धक्क्यावर उतरायचं होतं. तो तिच्या धक्क्यावर उतरला.

विणशाळेत त्यानं डब्यातली डिस्क अलगद काढली आणि तिच्यातलं सगळं आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग एम्युलेटर सुरू केला. नव्या संगणकाच्या पोटात बसून जुन्याचं सोंग वठवणारा हा प्रोग्राम. बिचाऱ्या डॉसला वाटतं, आपण अजून आपल्याच घरी आहोत!

पडदा निळा झाला. पांढऱ्या ठिपक्यांतून एकेक पाकळी उमटू लागली, आणि सुन्निवाचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? अजून गंमत बघ," म्हणत एस्किलनं ऐटीत वेग होता नव्हता तेवढा वाढवला आणि लॅपटॉप मागाला जोडला.

माग दणाणला, अडखळला, आणि बघता बघता सगळ्या धाग्यांचा गुंता झाला.

"अरे, थांबव! माग आहे तो, शर्यतीचा घोडा नाही!"

एस्किल कानापर्यंत लाल झाला. चूक त्याला लगेच उमगली. प्रत्येक ओळीनंतर जुना प्रोग्राम मनातल्या मनात आकडे मोजत थांबायचा, तेवढ्यात मागाचे धागे उचलले जायचे. नव्या संगणकानं तेच आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून टाकले होते.

"चुकलो... शायनिंग मारायला गेलो," तो म्हणाला. "पण नेमका किती वेग हवा, ते मला कसं कळणार?"

"मला कळेल."

दुपारभर दोघांनी मिळून गुंता सोडवला. मग एस्किलनं माग पुन्हा सुरू केला, आणि तिनं डोळे मिटून त्याच्या आवाजाकडे कान दिला.

"कमी कर... अजून... आता फार रेंगाळतोय... हां! हाच आमचा आवाज!"

त्यानं वेग तिथेच बांधून टाकला. तिनं डोळे उघडले, तेव्हा तो पडद्याकडे बघतच नव्हता.

"काय बघतोस?"

"असं कुणी ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. तिनं उगाचच मागाचा धोटा पुसला.

शनिवारी मालक हालवार आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काठ बोटांनी चाचपला, उलटा करून पाहिला, परत चाचपला. "संग्रहालयाला आज कळवतो," ते म्हणाले. सुन्निवा मागासमोर जाऊन उभी राहिली. "म्हणावं, माग कामात आहे." आणि छत्री उघडून ते चालते झाले.

सुन्निवानं आनंदानं गिरकीच घेतली. एस्किल मात्र पुढच्या कामाला लागला. विणशाळेच्या संगणकावर त्यानं सगळं बसवून दिलं, सुरू कसं करायचं, प्रती कुठे ठेवायच्या, ते तिच्याकडूनच पुन्हा पुन्हा करवून घेतलं. तिच्या हाताला ते अगदी सराईत झालं, तसं त्याचं तोंड उतरत गेलं.

"झालं," तो अखेर म्हणाला. "आता तुला कुणाची गरज नाही. माझीसुद्धा नाही."

कामाचा माणूस आपलं काम इतकं चोख करून स्वतःचाच पत्ता कापून बसला होता! सुन्निवाला त्याचं फार कौतुक वाटलं. आणि नुसतं कौतुकच नव्हे, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"बरंच झालं की," ती म्हणाली.

"बरं...?"

"आता मी तुला बोलावलं, तर काय बिघडलंय म्हणून विचारू नकोस. काही बिघडलेलं नसेल. मला तू हवा असशील, एस्किल... एवढंच."

त्यानं लगेच विचारलं, "कधी बोलावशील?"

"तू जायच्या आधीच बोलावते," ती हसली, आणि तिनं त्याच्या खांद्यावरून बॅग उतरवून घेतली.